बर्फाला घातलेली ताल

आज सकाळी लडाखात, व्याह्यांच्या शेतात, करंगळीएवढी पाण्याची धार कोरड्या मातीत शिरताना पाहिली आणि मी मोठ्यानं हसलो.

माझी लेक या गावात दिलीय. इथलं पाणी डोंगरावरच्या हिमनदीचं. पण जग तापलं, हिमनदी मागं सरकली. आता पाणी खाली पोचेपर्यंत जवाची पेरणी हुकते. म्हणून लोक हिवाळ्यात ओढा सावलीत अडवून त्याचं बर्फ करतात; ते गावाजवळ खालीच असल्यानं पेरणीच्या वेळेला वितळतं. मागच्या हिवाळ्यात मी आलो, तेव्हा गोठून फुगलेल्या पाण्यानं सिमेंटचा बांध तडकवला होता. मी म्हटलं, आमच्याकडं शेताला घालतात तसा नुसत्या दगडांचा बांध, ताल घालू, फटींतून पाणी झिरपू दे. व्याही काहीतरी पुटपुटले.

लेक म्हणाली, “बाबा, ते विचारतायत, माणदेशात तुम्ही बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरच बघितलं ना?”

“सांग त्यांना, पाणी कमी म्हणूनच ते अडवायचं कसं, ते आमाला ठावं!”

धाप लागायची, तरी दगड मीच बसवले.

हिमनदी माझ्या तालीनं परत यायची नाही, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं. पण डोंगर थकला म्हणून माणसानं का बसावं? थकलेल्याचं ओझं दुसऱ्यानं उचलायचं असतं.

व्याह्यांनी बियाण्याची पहिली मूठ माझ्या हातात दिली. मी अशी जोरात फेकली, की चार दाणे शेजाऱ्याच्या रानात गेले. जाऊ देत. पाणी तिथंही पोचणार आहे.