फळ्यावरची खालची ओळ

शेवंताताईंचं नाव आधी घेतो. पुढचं वाचून माझ्याबद्दल तुमचं जे मत व्हायचं ते होऊ दे, पण त्याआधी ताईंचं नाव तुमच्या कानावर पडलेलं असावं.

कोपरीत खाडीकडच्या अंगाला, मंडळाच्या खोलीत त्या बालवाडी चालवायच्या. मी चंद्रपूरकडचा. सातवीत शाळा सोडलेली. अठराव्या वर्षी ठाण्यात आलो तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. ताईंच्या वडिलांची मासेमारीची जाळी ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी मला राहायला दिली. खोपटला एस.टी. डेपोजवळ पाट्या रंगवायचं दुकान होतं, तिथं स्वतः घेऊन गेल्या आणि मालकाला म्हणाल्या, "हात चांगला हाय पोराचा." कसला चांगला? माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. मग दोन-तीन महिने रोज संध्याकाळी पोरांची पाटी माझ्या मांडीवर देऊन त्यांनी मला गिरवायला लावलं. "काय रं बाला, क ला कंबर नको का?" म्हणायच्या. म्हणून माझं अक्षर त्यांच्यासारखं आहे. अगदी तसंच. हे लक्षात ठेवा.

आता जे सांगतोय ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आमच्या नाक्यावर मंडळाचा फळा होता. तेव्हा प्रत्येक नाक्यावर असायचा — दहावीला कोण पास झालं, कोण वारलं, पाणी कधी जाणार, सगळं त्यावर. अक्षर सुधारल्यावर तो फळा माझ्याकडे आला. रोज सकाळी, नळाला पाणी यायच्या आधी, मी तो लिहायचो. मजकूर वसंतशेठ द्यायचे. ते मंडळाचे अध्यक्ष. जागा त्यांची, खोल्या त्यांच्या, बालवाडीची खोलीही त्यांच्याच मर्जीवर. मला सगळे 'पेंटर' म्हणायला लागले. मला त्याचं किती बरं वाटायचं, काय सांगू! त्याआधी मी, चंद्रपूरच्या जुन्या नावावरून, 'ए चांदा' होतो. माझ्या बोलण्याच्या नकला व्हायच्या. तरी आपल्याला इथं ठेवून घेतलंय, असंच मला वाटायचं. कोणी नीट हसलं तरी संशय यायचा — हा उद्या 'निघ' म्हणणार काय?

समोरच्या सोसायटीच्या गेटवर एक नेपाळी वॉचमन होता. टेकनाथ. हे नाव मला आणि ताईंना तेवढं ठाऊक. बाकी सगळ्यांना तो 'बहादूर', आणि मंडळाच्या पोरांना 'चिनी'. त्याची घरची पत्रं ताई हिंदीत लिहून द्यायच्या, मी शेजारी पाटी गिरवत असायचो. माझ्याच वयाचा. आईला लिहिताना थांबायचा, नखं बघायचा.

पोरं त्याला डोळे ताणून दाखवायची तेव्हा मीही हसलोय. एकदा नाही, कैकदा. ती त्याला हसत होती तोवर मला हसत नव्हती ना.

एका संध्याकाळी त्या पोरांपैकी तिघांनी त्याला गेटपाशी गाठलं. 'चिनी, आपल्या देशात जा' वगैरे चाललेलं. तो एवढंच म्हणाला, "चिनी नहीं, नेपाली हूँ." पोरांना ते उलट बोलणं वाटलं. गेटला लावायचा लोखंडी दांडा तिथंच होता. रुग्णालयात नेईपर्यंत तो गेलेला.

खटला दोनेक वर्षं चालला. सोसायटीतल्या कोणीतरी साक्ष दिली. कोणी, ते नाक्याला कळलं नाही, त्यामुळे नाका सगळ्यांकडेच बघायला लागला. मग निकाल आला. तिघंही दोषी. जन्मठेप. चोरी नाही, जुनं भांडण नाही, तो परका दिसायचा एवढ्यासाठीच मारला, असं कोर्टानं म्हटल्याचं एक जण सांगत आला.

त्या दिवशीचा नाका मला अजून ऐकू येतो.

"एका गुरख्यापायी आपली तीन पोरं आत?"

"चेहऱ्यावरून कोण मारतं काय? काहीतरी पैशाचं असणार."

"जज्ज कुठला, ते बघा आधी."

"जज्जचं सोड रे. फुटला कोण, ते बोल."

न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला एक जण तसाच साबण घेऊन बाहेर आलेला. त्या पोरांपैकी एकाची आई ओट्यावर बसून आपल्याच गालात मारून घेत होती, आणि ते खोटं नव्हतं. सोसायटीतल्या बायका खिडकीआडून "बरं झालं" म्हणायच्या आणि खाली उतरल्या की तिच्याजवळ जाऊन "फार वाईट झालं हो" म्हणायच्या. कोण कुठल्या बाजूचा, काही कळायची सोय नव्हती. जो गप्प बसेल त्याच्याकडे चारजण वळून बघायचे. मी गप्प बसू नये म्हणून जोरजोरात मान हलवत होतो.

संध्याकाळी वसंतशेठनी कागद दिला. मी लाल खडूनं फळ्यावर लिहिलं — निकाल अन्यायाचा आहे, आमची मुलं निर्दोष आहेत, संपूर्ण नाका त्यांच्या पाठीशी आहे. तिन्ही पोरांची नावं, वडिलांच्या नावासकट. सुरेख लिहिलं. खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं फळ्याशी गेलो. लिहायचं काही नव्हतं, कालचंच राहू दे म्हणालेले. मी ते वाचलं. परत वाचलं. तीन नावं होती. मेलेल्याचं नव्हतं. कालपासून इतकं बोलणं झालं, त्यात ते एकदाही कोणी उच्चारलं नव्हतं. मी उच्चारलं होतं काय?

खिशात पांढऱ्या खडूचा तुकडा होता. रेघेखाली लिहिलं — टेकनाथ. वय चोवीस. यालाही आई आहे.

एवढंच. घाईत लिहिलं, तरी क ला कंबर आली. खडू खाडीकडच्या गटारात टाकला आणि खोलीवर जाऊन बसलो.

तुम्ही म्हणाल, मग गुन्हा कुठाय? थांबा ना. येतोय तिथंच.

सातच्या सुमाराला फळ्यासमोर ही गर्दी. मीही जाऊन उभा राहिलो, न गेलो असतो तर कळलं असतं. वसंतशेठ लुंगीवरच आलेले. ओरडले नाहीत. ओळीकडे बघत मला म्हणाले, "काय रे पेंटर, तू लिहिलंस?"

"मी नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. माझ्यासारखा असलं काही करील, हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. ते दुसरीकडे वळलेसुद्धा. मी सुटलो होतो — तुम्हाला शपथेवर सांगतो, सुटलो होतो. तिथं गप्प राहिलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मला वाटलं, हे परत वळतील. मागं कोणीतरी कुजबुजलं, ते माझ्याबद्दलच आहे असं वाटलं. आणि मी बोललो. कोणी विचारलेलं नसताना बोललो.

"अक्षर ताईंचं वाटतंय. त्याची पत्रं त्याच लिहायच्या."

ताई पोरांना घेऊन तिकडूनच येत होत्या. दोन्ही हातांना दोन-दोन पोरं. गर्दी बाजूला झाली. वसंतशेठनी विचारलं, "बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी फळा वाचला. सावकाश, खालपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. तो 'क' त्यांनीच मला शिकवलेला. ओळखायला त्यांना किती वेळ लागणार?

म्हणाल्या, "का? नाव चुकलंय काय त्याचं?"

ना हो म्हणाल्या, ना नाही. पोरांना घेऊन आत गेल्या.

आठवड्याभरात खोलीला मंडळाचं कुलूप लागलं. पोरं काही दिवस त्यांच्या अंगणात बसली, मग आया पाठवेनाश्या झाल्या. त्यांच्या वडिलांकडून मासळी घेणं बंद झालं. दारासमोर रोज कोणीतरी कचरा टाकायचं. वडील गेल्यावर त्यांनी घर सोडलं आणि शहाडला बहिणीकडे गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "वेळेवर जेवत जा रं." बस. हे रागानं म्हटलं की मायेनं? ही टोचणी होती का? किती वर्षं मी त्या चार शब्दांना उलटंपालटं करून बघतोय. चांगल्या बोलण्यावरही संशय घ्यायची माझी खोड, ती त्यांच्या बाबतीतही सुटली नाही.

मला कोणी काही केलं नाही. मी पेंटर राहिलो. पुढे डोंबिवलीत स्वतःचं दुकान टाकलं.

आणि गंमत बघा — काळ बदलला तशी तीच ओळ लोकांना आवडायला लागली. माझी बायको कोपरीचीच. आमची मुलं लहान असताना ती त्यांना सांगायची, एक बाई होत्या, सगळा नाका एकीकडे आणि त्या एकट्या एकीकडे. मुलं विचारायची, "बाबा, तुम्ही बघितलेलं?" मी म्हणायचो, हो, बघितलेलं. शिक्षा त्यांना दिली तशी शाबासकीही त्यांनाच देऊन टाकली, म्हणजे फिटलं, असं मनाला सांगायचो. फिटतं काय असं? त्यांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. त्यांना बालवाडी हवी होती.

मी घाबरलेलो, हे खरं. पण घाबरलेला माणूस 'मी नाही' म्हणून थांबतो. मी पुढचं वाक्य बोललो, ते माझं स्वतःचं होतं.

वसंतशेठ अजून आहेत. संध्याकाळी नाक्यावर खुर्ची टाकून बसतात, भोवती तेव्हाचेच चारजण असतात. मी कधीतरी तिथं जाणार आहे आणि त्यांच्यासमोर उभा राहून सांगणार आहे की खालची ओळ माझी होती, आणि ताईंचं नाव मी खोटं घेतलं. ते झाल्यावरच शहाडला जाईन. ताईंना एवढंच सांगीन, की सांगून आलो. त्याआधी त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही.