जिलबी कोणाच्या नंबरावर?

हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, हसालच! निदान चहा तरी सांडू नका.

माझ्या काकांची बडोद्यात फरसाण-मिठाईची दोन दुकानं आहेत. एक समा भागात, एक अलकापुरीत. गिऱ्हाइकांची माहिती मात्र दोन्हीकडे वेगळी! एमबीए करून आलेल्या मला ते बघवेल?

"काका, सगळा डेटा एकत्र करू. एक मोबाइल नंबर म्हणजे एक घर. कोण काय घेतं ते बघून पॉइंट द्यायचे, मेसेज पाठवायचे. गिऱ्हाईक हलणार नाही!"

"मी सगळ्यांना तोंडावरून ओळखतो की गं."

"तोंडं बघून धंदा होतो का, काका?"

काका वैतागले. "कर काय ते. दसऱ्यापर्यंत चाललं तर नवं दुकान काढीन, ते तुझं. नाही चाललं, तर मला अक्कल शिकवायची नाही."

दसऱ्याला अख्खं बडोदं फाफडा-जिलबीच्या रांगेत असतं. म्हटलं, नवं दुकान माझंच!

एका रविवारी बटण दाबलं. धडाधड मेसेज गेले. दुपारच्या आत समाच्या जोशीकाकू हजर! मागे रेल्वेतून निवृत्त झालेले जोशीकाका, पिशवी छातीशी धरून.

"'अभिनंदन, जिलबीसम्राट!' हे काय गं? ह्यांना डायबिटीस आहे. तुमच्याकडून मी बिनसाखरेची मिठाई नेते!"

आता गप्प बसावं की नाही? मी अभिमानाने स्क्रीनच फिरवली. "हे बघा काकू. अलकापुरीचं दुकान. दर मंगळवारी."

"मंगळवारी? मंगळवारी हे बँकेत जातात!"

जोशीकाका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांची पेन्शनच बंद केली! पण चोरून जिलबी खाताना बायकोचा नंबर कोण देतं हो? म्हणे, तेवढा एकच पाठ आहे!

आणि असे ते एकटे थोडेच होते! संध्याकाळी पटेलकाका ओरडत आले, "बेन, तमे तो मारुं घर भांग्युं!" म्हणे, मी त्यांचं घर मोडलं!

अलकापुरीत पेन्शनर दिसेनासे झाले. कढई थंड.

"म्हाताऱ्यांनी खोटं बोलायचं आणि चूक माझी?" मी फणकारले.

"दसरा जवळ आलाय हं," काका म्हणाले. बस्स, एवढंच.

आणि मग चमत्कार! हळूहळू सगळे परतले. कढई पुन्हा तापली, पॉइंट वाढू लागले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी विजयी मुद्रेने कॉम्प्युटर काकांपुढे ठेवला.

"बघा! पूर्वीपेक्षा जास्त जिलबी खपतेय. झालं ना गिऱ्हाईक पक्कं?"

"झालं की. कोण आहे ते बघ तरी."

मी बघितलं. अलकापुरीतली जवळजवळ सगळी जिलबी एकाच नंबरावर होती. तो नंबर मी परत एकदा वाचला.

माझाच!

"घरचा नंबर द्यायला घाबरतात बिचारे," काका शांतपणे म्हणाले. "मीच सांगितलं, हिचा द्या म्हणून."

"आणि नवं दुकान?" मी हळूच विचारलं.

"देऊ की. पण एवढी जिलबी खातेस, आधी शुगर तपासून ये!"