व्याह्यांची डावी बाही

हे किस्से मित्रांना इतक्यांदा सांगून झालेत की त्यातलं घडलेलं किती आणि मी भर घातलेलं किती, याची मला आता खात्री नाही. आयुष्यभर प्रतिकारशक्तीवर संशोधन केलं. एकदा भेटलेला जंतू शरीर वर्षानुवर्षं विसरत नाही, हे मुलांना शिकवलं. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते मात्र आठवत नाही. आमच्या पथकातल्या मंदा सिस्टर तर शेवटच्या किश्शाबद्दल स्पष्टच म्हणायच्या, "सर, हा तुमच्या मनातला."

* * *

काम मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या बाजूला होतं. हाताच्या कातडीखाली औषधाचा थेंब टोचायचा आणि दोन-तीन दिवसांनी परत जाऊन बघायचं. क्षयाचा जंतू पूर्वी कधी अंगात शिरला असेल, तर ती जागा फुगते. फुगली म्हणजे आजार झाला असं नाही. हे मी शाळेच्या ओट्यावर आकृत्या काढून बराच वेळ समजावलं.

पुढे बसलेल्या ताराबाई मागे वळल्या आणि बायकांना म्हणाल्या, "वलख हाय, सोयरीक नाय."

पुढच्या गावापासून मी आकृत्या बंद केल्या.

* * *

ज्यांचा हात फुगला नाही, ते नाराज. शंकर नावाचा एक गडी तक्रार घेऊन आला, की बायकोला औषध दिलंत आणि मला पाणी टोचलंत. मी म्हटलं, नाही फुगला ही चांगलीच गोष्ट आहे.

"मंग तिची वाईट हाय का?"

बायको शेजारीच उभी होती. मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "पुढचे या."

* * *

टोचलेल्या जागेला पाणी लावू नका, असं मी काळजीपोटी जरा जास्तच बजावलं होतं. भाताच्या झोडणीचे दिवस. तपासणीला एक अख्खं कुटुंब कोंडा-धुळीसकट, बिनअंघोळीचं हजर! मी म्हटलं, अहो, फक्त हाताला म्हटलं होतं.

घरधनी शांतपणे म्हणाला, "हात अंगालाच हाय ना, सायेब."

* * *

आता ताराबाईंची नात, कविता. तिचं लग्न शहापूरकडच्या एका गावात ठरलेलं, साखरपुडा तोंडावर. नवऱ्यामुलाचे वडील पांडुरंगराव बोलणी करायला आले आणि त्यांनी तिच्या हातावरचा लालभडक फुगवटा पाहिला. पोरीला क्षय आहे, लग्न नको, असं म्हणून ते उठले.

आमच्या तपासणीपायी पोरीचं लग्न मोडत होतं. तिचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. मी ताराबाईंना आणि सिस्टरांना जीपमध्ये घालून पांडुरंगरावांचं घर गाठलं.

त्यांनी एकच विचारलं, "क्षय नाय ना?"

नाही म्हणायचं होतं. पण जन्माची सवय! मी म्हणालो, "आज तरी तसा पुरावा नाही."

सिस्टरांनी माझ्या पायावर पाय दिला.

"म्हंजे उद्या व्हईल?"

मी 'शक्यता' हा शब्द उच्चारणार, तोच ताराबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी गप बसा." मग पांडुरंगरावांना म्हणाल्या, "व्याही, तुमी पन हात पुढं करा."

गावकरी बघत होते. मागे हटणं शोभलं नसतं. त्यांनी डावा हात पुढे केला, सिस्टरांनी थेंब टोचला.

आम्ही परत गेलो तेव्हा त्यांचा फुगवटा कविताच्यापेक्षा मोठा होता. पांडुरंगराव घाबरून माझ्याकडे बघत राहिले. ताराबाईंनी पदर सारखा केला.

"आता आमी जरा इचार करतो."

* * *

विचार ताराबाईंनी एक दिवस केला. साखरपुड्याला आम्हालाही बोलावणं होतं. मला आठवतं ते असं, की पांडुरंगराव डावी बाही वर करून मांडवभर फिरत होते आणि ज्याला त्याला हात दाखवून सांगत होते, "वलख हाय, सोयरीक नाय. सुनंपेक्षा माजा मोठा."

सिस्टर म्हणायच्या, छे! थंडी होती, त्यांनी चांगला लोकरीचा कोट घातला होता. बाही वर होईलच कशी? बरीच वर्षं मीही तसंच मानलं.

मागे शहापूरला कविता भेटली. हट्टाने घरी घेऊन गेली, चहा ठेवला. सासरे आता नाहीत. भिंतीवर साखरपुड्याचा फोटो होता. मी चष्मा पुसून जवळ गेलो.

कोट होता. डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती.