गुळाचं पाणी

मुरबाडच्या बाजारात मला दारूमास्तर म्हणत. पुढे दोन हजारनंतर आमच्या संस्थेने माझी कार्डं छापली आणि त्यांवर ‘लाइफ कोच’ असं लिहिलं. सापगावच्या माझ्या चुलत्याने ते कार्ड लांब धरून वाचलं आणि विचारलं, “म्हंजे आता तू लोकांना जगायला शिकवनार? तुला कोनी शिकवला रे?” विचारायचा त्याला हक्क होता. शहापूरच्या एस.टी. स्टँडमागून त्यानेच मला दोनदा उचलून घरी आणलं होतं.

माझी दारू सुटली ती नव्वदीच्या सुरुवातीला. मग जिथे मी बरा झालो त्या संस्थेनेच मला शिकवलं आणि कामाला लावलं. इतर दिवस शहापूरला, बाजाराच्या दिवशी मुरबाडला. तिथे रेशन दुकानामागची एक खोली होती. दोन खुर्च्या आणि भिंतीवर सडलेल्या यकृताचं चित्र. ते चित्र बघून कुणी दारू सोडल्याचं मला आठवत नाही. माणसं यायची, रडायची, शपथ घ्यायची आणि पुढच्या बाजाराला दिसेनाशी व्हायची. मी चिडायचो, वाटेल ते बोलायचो. चिडण्याशिवाय माझ्या हातात काही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एक जण मात्र टिकला. घाटाखालच्या एका पाड्यावरचा. खुर्चीवर कधी बसला नाही, दाराशी उकिडवा बसायचा. त्याला पहिल्यांदा घेऊन आली ती त्याची बायको. ती स्वतः दारूला शिवत नसे, पाड्यावर बाकीच्या बाया घेत तरीही. दर बाजाराला ती रानातलं काहीबाही, पावसाळ्यात शेवळं, कर्टोली अशा रानभाज्या, विकायला आणायची आणि जाताना दाराबाहेरून विचारायची, “नाय ना पेला?” मी नाही म्हटलं की घरी जाऊन दोरीला एक गाठ मारायची. चौदा महिन्यांत त्या दोरीला साठेक गाठी झाल्या होत्या. माझ्या सगळ्या कामात दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

मग त्याचा बाप गेला. त्यांच्याकडे दिवसाला, म्हणजे मेल्यानंतरच्या कार्याला, थोरल्या मुलाने पानाच्या द्रोणात मोहाची दारू घ्यायची, बापाच्या नावाने जमिनीवर धार सोडायची, उरलेल्याला ओठ लावायचा आणि द्रोण भाऊबंदांकडे द्यायचा. मग तो सगळ्यांत फिरतो. त्याशिवाय मेलेला माणूस तहानलेला राहतो.

तो बाजाराच्या आदल्या दिवशीच चालत आला.

“मास्तर, तू येशील का दिवसाला? तू बाजूला उभा राह्यलास तं मी धार सोडीन नि व्हट न लावता द्रोन पुढं देईन. तुला बघून कोन काय बोलनार नाय.”

नेमकं त्या कार्याच्याच दिवशी ठाण्याहून संस्थेचे मोठे लोक आमचं काम बघायला येणार होते. माझं डोकं त्या कागदांत होतं. मी म्हटलं, “दारू हातातच कशाला घेतोस? गुळाचं पाणी ओत. रंग तसाच दिसतो. बापाला काय कळणार आहे?”

तो उठला. मग “बरा” म्हणाला आणि गेला.

त्याने गुळाचं पाणी ओतलं. मी मोठ्या लोकांना ही युक्ती सांगितली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला आवडल्या, हेही सांगून टाकतो. पाड्यावर काय झालं ते नंतर कळलं. पहिल्याच भाऊबंदाने द्रोण तोंडाला लावला, खाली ठेवला आणि उठला. मग एकेक करत सगळे उठले. त्या पावसाळ्यात त्याच्या भाताच्या लावणीला कुणी आलं नाही. नवरा-बायको दोघंच चिखलात वाकलेली.

त्यानंतर तो तीन बाजार आला. शेवटच्या वेळी एवढंच म्हणाला, “बाबा तानेला गेला, मास्तर.” मी त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. खरंच, मी त्याला श्वास घ्यायला शिकवलं.

पुढे बायको एकटीच आली. म्हणाली, रोज बापाच्या नावानं पुरलेल्या दगडाकडं जातो. अर्धी बाटली दगडावर वततो, अर्धी आपन पितो. “बाबाला पाजतो म्हनं.” त्याला आणायला मी दोनदा पाड्यावर गेलो. दोन्ही वेळा तो मला बघून रानात निघून गेला. होळीच्या आधी तो वारला.

त्याच्या दिवसाला मात्र मी गेलो. भाऊबंद आले होते, पण अंगणाच्या कडेला उभे. त्याला मुलगा नव्हता, मुली दोघी लहान. बायकोने द्रोण भरला. वासाने माझं तोंड ओलं झालं, नऊ वर्षांनी. तिने द्रोण माझ्या हातात दिला.

“तू वत. याला तरी तानेला नको धाडू.”

मी धार सोडली. जरा जास्तच सांडली. द्रोणात दोन घोट राहिले. आता ओठ लावायचे होते. सगळे माझ्याकडे बघत होते. एक घोट घेतला तर मी पुन्हा त्या एस.टी. स्टँडमागे पोचणार, हे मला माझं नाव ठाऊक असावं तितकं ठाऊक होतं. मी तसाच उभा राहिलो. त्याने माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, कुणीतरी बाजूला उभं राहावं. माझ्या बाजूला त्या दिवशी कुणी नव्हतं आणि ते मागायला मला तोंडही नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माझ्या हातातला द्रोण काढून घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही घोट स्वतः प्यायली. तिला ठसका लागला. मग तोंड पुसून तिने द्रोण पुन्हा भरला आणि भाऊबंदांपुढे धरला. ते येऊन बसले.