आंबिलीचं मडकं

बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत पाळ्या करता करता माझा भाऊ अंगानं सुटला. आई ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करायची, तर हा नाक मुरडायचा. "वास येते, मले नाई पाहिजे," म्हणून समोसे खायचा.

हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सततच्या टेन्शननं, वजनानं पोटातले चांगले जंतू बिघडतात. त्याचा त्रास हृदयालाही होतो. गोळ्या घ्याच, आंबीलही प्या; आंबवलेलं त्या जंतूंना मानवतं." मी चिडले. हे आधी सांगायला काय झालं होतं?

त्याला घरी आणलं त्या संध्याकाळी आईनं मडक्यात पीठ भिजवलं. पहाटे तो गेला.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, त्यामुळे आंबील शिजलीच नाही. दुसऱ्या दिवशी आईनं झाकण उचललं. पिठाला बुडबुडे येत होते.

"हे पाह्य," ती म्हणाली, "हे जित्तं आहे."