जावयाच्या मानाचं नारळपाणी

संभाजीनगरच्या मॉलात स्पीडबोटीच्या शर्यतीचं एक मशीन होतं. बसायला अख्खी बोट, हातात स्टिअरिंग, समोर भिंतीएवढा समुद्र. त्यावर मी एकदा पहिला आलो. पुढं सांगता सांगता त्या बोटीचा वेग एवढा वाढला, की लग्नाच्या पंगतीत मी नुसतं तोंडानं वळण घेतलं तरी समोरच्याच्या पत्रावळीतलं वरण हिंदकळायचं.

केदारखेडा माझी सासुरवाडी. मेहुण्यानं हा किस्सा ऐकून ऐकून कानाला हात लावले आणि शेवटी तोच गेम घरच्या टीव्हीवर खेळायचं यंत्र घेऊन आला.

"दाजी, हरलात तर किस्सा बंद. बिलकुल बंद. जिंकलात तर जन्मभर मुकाट ऐकतो."

"लाव!" मी गरजलो. गरजलो खरा, पण किस्सा हातचा गेला तर? बाकीचं आयुष्य ऑफिसात गेलेलं. सांगण्यासारखं माझ्याकडं दुसरं होतं काय?

या घरात ट्रॅक्टर असो की मिक्सर, नारळाशिवाय काही चालू होत नाही. सासूबाईंनी नारळ फोडला, दोन्ही रिमोटांवर पाणी शिंपडलं. पोराच्या रिमोटवर दोन थेंब. माझ्या रिमोटवर, जावयाचा मान म्हणून, अर्धी करवंटी. वर हळदीकुंकू.

शर्यत सुटली. माझी बोट डावीकडं वळली ती वळतच राहिली. मी अंगठ्यानं उजवीकडं रेटलं, खांद्यानं रेटलं, शेवटी सोफ्यासकट कललो. बोट आपली रवीसारखी गरगर. समुद्राचं ताक झालं, लोणी तेवढं वर यायचं राहिलं.

"दाजी, प्रदक्षिणा घालून राह्यले का?"

"अहो, रिमोट गळून राह्यलाय," बायको कानात पुटपुटली.

तेवढ्यात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "जावईबापू, पूजा पावली न्हाई का? तुमच्यावर जास्तीचं पाणी घातलं मी."

रिमोटला नाव ठेवावं, तर सासूबाईंच्या पूजेलाच नाव ठेवल्यासारखं. "पावली म्हणजे काय!" म्हणालो आणि गरगरत एका खडकावर आदळलो. शर्यत मेहुण्यानं मारली.

परवा घनसावंगीला लग्न होतं. पंगतीत कुणीतरी हाक दिलीच, "पाव्हणं, ती बोट होऊन जाऊ द्या!"

मी मेहुण्याकडं बघितलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच सुरू झाला. "मी सांगतो. दाजी मॉलात गेल्ते. तिथं बोटीचं मशीन होतं. दाजी पहिले आल्ते. मंग घरी आले."

संपलं. ना लाट, ना वळण. कुणाच्या वरणावर साधा तरंग उठला नाही.

"बराबर ना, दाजी?"

मी तोंडात जिलबी कोंबली आणि मान डोलावली. त्यातला एक शब्द जरी खोटा असता, तरी भांडलो असतो.