मोडनिंबच्या मराठीने बदललेला इंग्रजी मेसेज

जानेवारीतला एक सोमवार. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब... आणि भर वर्गात माझी चांगलीच जिरली.

त्याचं असं झालं. बीसीएच्या मुलांना मी एक फंक्शनल प्रोग्रामिंग लँग्वेज शिकवते. छोटी छोटी फंक्शन्स एकमेकांना जोडत प्रोग्राम बांधायचा, अशी तिची रीत. कुठली कंपनी तिची मालक नाही, जगभरातली माणसं हौसेने ती सांभाळतात.

या मंडळींनी मध्यंतरी एक छान सोय केली. प्रोग्राम चुकला की तो तपासणारा कंपायलर लाल अक्षरांत जो मेसेज दाखवतो, तो इंग्रजीशिवाय इतर भाषांतही दाखवता येईल असं केलं आणि भाषांतरासाठी माणसं मागितली. मी लगेच हात वर केला. मराठी माझ्याकडे!

दिवाळीची अख्खी सुट्टी परिभाषा कोश मांडीवर घेऊन बसले. 'अपेक्षित प्रकार व प्रदत्त प्रकार यांत विसंगती आढळली'... 'नमुना-जुळणी अपूर्ण आहे'... काय भारी वाटत होतं म्हणून सांगू!

तर त्या सोमवारी मोठ्या ऐटीत हे सगळं स्क्रीनवर लावलं. मुलांनी ते वाचलं. मग मागच्या बाकावरून अश्विनी म्हणाली, "मॅडम, हे मराठी हाय व्हय? यापेक्षा इंग्रजी बरं होतं की."

वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण आतून खट्टू झाले. खोटं कशाला बोलू, घरी पोचेपर्यंत तिचा रागच येत होता.

अश्विनी मोडनिंबची. रोज एसटीने येते-जाते, वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा पेपर तिचा राहिलाय आणि ती कॉलेज सोडायचं म्हणतेय, हे माझ्या कानावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. जरा सुनवावं असंच मनात होतं. पण माझ्या आधी तीच बोलली.

"चिडू नका मॅडम. लाल अक्षरं आली की माझं काय चुकलं तेच मला कळत न्हाय. मग मी सगळा प्रोग्राम पुसते आन् पहिल्यापासनं टाईप करते."

सगळा प्रोग्राम? दर वेळी?... दीड वर्ष ही पोरगी माझ्यासमोर बसून हे करत होती आणि मला पत्ता नव्हता. राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली.

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. एसटीच्या तिकिटाचा एक छोटा प्रोग्राम होता. त्यात फुल तिकिटाचं लिहिलेलं, हाफ तिकिटाचं लिहिलेलं, पासवाल्याचं मुद्दाम सोडलेलं. खाली माझा मेसेज... 'नमुना-जुळणी अपूर्ण आहे.'

"तू असतीस तर काय म्हणाली असतीस?"

तिने क्षणभर बघितलं. "'तुमी फुलचं सांगितलं, हाफचं सांगितलं. पासवाला आला तर काय करायचं?' असं इचारायला पायजे की त्यानं."

चूक काय, कुठे आणि पुढे काय करायचं, सगळं दोन वाक्यांत आलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघी दर शनिवारी दुपारी बसलो, तिच्या एसटीची वेळ होईपर्यंत. ती सांगायची, मी लिहायचे. आठवड्याभरात ती ते दुकानात वडिलांना वाचून दाखवायची. पप्पांना कळलं नाही तर तो मेसेज पुन्हा नव्याने!

सगळं पूर्ण झाल्यावर पाठवून दिलं. नावं दोघींची, तिचं आधी. तपासायला ती लँग्वेज सांभाळणाऱ्यांतल्याच एक अनुभवी बाई होत्या, लांबच्या देशातल्या. त्यांना मराठी येत नाही, म्हणून प्रत्येक मेसेजचा अर्थ शेजारी इंग्रजीत लिहून द्यायला सांगितला. दिला... आणि पुढे बरेच दिवस काहीच नाही. मला वाटलं, फारच साधंसुधं वाटलं असणार त्यांना.

मग उत्तर आलं. मराठी मंजूर. पण एक विचारायचं आहे... तो अपुऱ्या शक्यतांचा, म्हणजे पासवाल्यासारखं काही सुटलं की येणारा मेसेज आमच्या मूळ इंग्रजीपेक्षा चांगला झालाय. इंग्रजी मेसेजही तसाच प्रश्न विचारणारा केला तर तुमची हरकत नाही ना?

मी ते तीनदा वाचलं.

गेल्या गुरुवारी त्या लँग्वेजचं नवीन व्हर्जन आलं. बदलांच्या यादीत त्या इंग्रजी मेसेजसमोर अश्विनीचं नाव आहे. तिला लॅबमध्ये दाखवलं. नावाखालून बोट फिरवत ती म्हणाली, "म्हंजे मॅडम, तिकडं अमेरिकेत कुणाचं चुकलं, तर त्याला मी इचारणार?"

"हो. तूच विचारणार."

तिने वडिलांना फोन लावला, पण बोलता येईना. मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडून घाबरलेला आवाज, "मॅडम, पोरगी रडाय लागली. काय चुकलंय का तिचं?"

"काहीच चुकलं नाही," मी म्हणाले. "जगात कुठेही कुणाचा प्रोग्राम अडला, तर काय राहिलंय हे आता तुमच्या मुलीच्या शब्दांत कळणार आहे."

मागून ट्रकचे आवाज येत होते. मग हळूच, "आमच्या अश्विनीच्या?"

"तुमच्याच."

"मग सांगू का हितं सगळ्यांला?"

"सांगा की!"

राहिलेला पेपर अजून राहिलेलाच आहे. एप्रिलमध्ये ती देणार आहे, कॉलेज सोडण्याची भाषा बंद आहे.

या सगळ्या कामात माझा वाटा म्हणाल तर ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याचा. माझ्या कुर्त्याला कॉलर नाही... तरी गुरुवारपासून ती टाईट आहे.